रिकाम्या जागेत नेमका शब्द कसा बसवावा

हे वाक्य बघा.

पोळ्याच्या दिवशी बैलांच्या गळ्यात घुंगरांच्या ____ बांधतात. (हार / माळा / गजरा / तोडे)

विदर्भातल्या पाचवीच्या पोराला पोळा कोणी समजावून सांगायला नको. तरी घाईत 'हार' लिहून मोकळा होणारा असतोच, कारण हार गळ्यातच घालतात. अर्थ जुळतो, पण उत्तर चुकते. जागेच्या आधी 'घुंगरांच्या' असे छापले आहे. हार असता तर 'घुंगरांचे हार' झाले असते, गजऱ्याला 'घुंगरांचा' लागला असता आणि तोडे पायात जातात. उरल्या माळा. म्हणजे उत्तर पेपरातच होते, रिकाम्या जागेला अगदी चिकटून.

शिष्यवृत्ती, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), तलाठी, पोलीस भरती अशा बहुतेक परीक्षांच्या मराठीत असे प्रश्न येतात. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्नांना तेवढीच ९० मिनिटे, म्हणजे ७२ सेकंद. सरावाची रिकामी जागा २०-२५ सेकंदांत सुटली पाहिजे. उरलेला वेळ गणिताला लागतो.

आधी पर्याय झाका

वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचा. पर्याय तळहाताखाली झाका आणि रिकाम्या जागी तुमचा स्वतःचा शब्द मनात म्हणून बघा. मग हात काढा. तो शब्द किंवा त्याच्या जवळचा शब्द पर्यायांत दिसला तर फक्त व्याकरण तपासायचे राहते. दिसला नाही तर वाक्य पुन्हा वाचा, बहुतेक वेळा मागचा अर्धा भाग नीट वाचलेला नसतो.

हा उलटा क्रम का? चारांपैकी एक पर्याय आमिष म्हणूनच ठेवलेला असतो: ओळखीचा, भारदस्त किंवा विषयाशी नाते सांगणारा. तो आधी डोळ्यात भरला की वाक्य त्याच्याच बाजूने वाचले जाते. संगणकावरच्या परीक्षेत हात ठेवता येत नाही, तिथे नजर वाक्यावर रोखून धरायची सवय घरीच लावून घ्यावी लागते.

डावीकडचा शब्द आणि उजवीकडचे क्रियापद

मराठी वाक्यात रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंना खुणा असतात. डावीकडे विशेषण किंवा चा-ची-चे, उजवीकडे क्रियापद. दोन्ही मिळून लिंग आणि वचन सांगून टाकतात.

उल्कापाताने तयार झालेले लोणारचे ____ बुलढाणा जिल्ह्यात आहे. (तलाव / सरोवर / विहीर / तळी)

'झालेले', 'लोणारचे' आणि 'आहे': नपुंसकलिंगी, एकवचनी. तलाव पुल्लिंगी, विहीर स्त्रीलिंगी, तळी अनेकवचनी. उत्तर सरोवर. लोणार कुठे आहे हे ठाऊक नसलेल्यालाही हा प्रश्न सुटतो.

एक खूण मात्र पुष्कळांना फसवते. नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन झाले की 'चे'चा 'ची' होतो: गावाचे शेत, पण गावाची शेते, लोणारचे देऊळ, पण लोणारची देवळे. म्हणून 'ची' दिसला की लगेच स्त्रीलिंगी शब्द शोधू नका, आधी क्रियापद 'आहे' आहे की 'आहेत' ते बघा.

काही शब्द अर्थ बदलला की लिंग बदलतात. हार घातला (फुलांचा) आणि हार पत्करली (पराभव). जेवायची वेळ झाली, पण रांगेत माझा बराच वेळ गेला. इथे क्रियापदाचे लिंग बघितल्याशिवाय अर्थ ठरवताच येत नाही.

आदरार्थी बहुवचन विसरू नका.

गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गाव स्वच्छ ____. (करतो / करत असे / करत असत / करतील)

माणूस एक, पण मान द्यायचा तर क्रियापद अनेकवचनी. त्यामुळे 'करत असे' व्याकरणाने सरळ वाटले तरी उत्तर 'करत असत'. 'करतील'सुद्धा अनेकवचनी आहे, पण तो भविष्यकाळ आणि बाबा गेले १९५६ साली.

भूतकाळात 'मी' आणि 'तू' लपाछपी खेळतात. 'मी भाकरी खाल्ली' यात क्रियापद भाकरीच्या मागे जाते, 'मी'च्या नाही. संशय आला की 'मी'च्या जागी 'तिने' घालून बघा: तिने आंबा खाल्ला, तिने भाकरी खाल्ली, तिने फळ खाल्ले. मग क्रियापद कोणाचे ऐकते ते लगेच दिसते. याला मोजके अपवाद आहेत आणि पेपर काढणाऱ्यांचा त्यांच्यावर भारी जीव: मी धडा शिकलो, मी वही विसरलो, मी चहा प्यालो. इथे 'तिने शिकली' होत नाही, 'ती शिकली' होते. म्हणून क्रियापद कर्त्याच्या मागे.

शेपटीला धरा

जागेच्या अलीकडच्या शब्दाला लागलेला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय ही सगळ्यात भरवशाची खूण. पुष्कळ शब्दांचे प्रत्यय ठरलेले असतात.

पूर्व विदर्भातली धानाची शेती माजी मालगुजारी तलावांवर ____ आहे. (निगडित / वंचित / अवलंबून / पूरक)

चारही शब्द शेती आणि पाण्याच्या गोष्टीत शोभतात. पण 'वर' फक्त 'अवलंबून'ला चालतो. 'तलावांशी' असते तर निगडित, 'तलावांपासून' असते तर वंचित, 'तलावांना' असते तर पूरक. या एका वाक्यात चार नियम बसले आहेत, ते चारही वाक्ये करून वहीत लिहा.

बाकीचे नेहमी लागणारे: विश्वास आणि प्रेम यांना 'वर', लग्न, भांडण, तुलना, स्पर्धा यांना 'शी', कंटाळणे आणि भेटणे यांना 'ला', भीतीला आणि आठवणीला 'ची'. बोलण्याची क्रियापदेही अशीच वाटून घेतलेली आहेत. माझ्याशी बोलला, मला म्हणाला, मला सांगितले. त्यातही 'म्हणाला' आणि 'बोलला' यांचा कर्ता 'तो' असतो, 'सांगितले'चा 'त्याने'. 'त्याने मला ____' असे वाक्य आले आणि पर्यायांत 'म्हणाला' व 'सांगितले' दोन्ही असले तर निकाल 'त्याने'मधल्या 'ने'वर लागतो.

घरचा कान कुठे फसवतो

पुण्या-मुंबईत छापलेल्या मार्गदर्शकांत हा भाग नसतो, आणि आपल्याकडची मुले नेमकी इथेच गुण गमावतात. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणे ही चूक नव्हे. तेराव्या शतकातले महानुभावांचे मराठी गद्य अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या परिसरात फुलले, तेव्हा मराठी कशी लिहावी हे वऱ्हाडाला शिकवायला कोणी आले नव्हते. पण पेपर प्रमाण मराठीत तपासला जातो, आणि 'कानाला बरोबर वाटते ते लिहा' हा पुस्तकी सल्ला आपल्याला अर्धाच लागू पडतो. कान कुठे विश्वासाचा आणि कुठे नाही, हे माहीत असले की झाले.

पहिली जागा क्रियापदाचा शेवट. घरी आपण 'तो जाते', 'तो म्हणते' असे बोलतो. पेपरात 'तो जातो', 'तो म्हणतो'. पर्यायांत 'जाते' आणि 'जातो' शेजारी असले की घरचा कान 'जाते'वर बोट ठेवतो. कर्ता 'तो' आहे की 'ती', हे बोटाने दाखवून मगच उत्तर लिहा.

दुसरी जागा नपुंसकलिंगी अनेकवचन. आपण 'पोरं आले', 'ढोरं गेले', 'झाडं पडले' म्हणतो. प्रमाण मराठीत पोरे आली, गुरे गेली, झाडे पडली. ही चूक फार खोल मुरलेली असते, वाचताना खटकतही नाही. त्यामुळे मुले, झाडे, गुरे, घरे, फुले असा कर्ता दिसला की थांबायचे आणि शेवटी 'ली' आहे का ते बघायचे.

तिसरी: 'जेवून राहिला', 'करून राहिली'. प्रमाण रूप 'जेवत आहे', 'करत आहे'. 'पाऊस येऊन ____' असा पर्याय पेपरात सहसा येत नाही, पण शुद्ध वाक्य ओळखा या प्रश्नात येतो आणि तिथे गुण जातो.

चौथी: ण आणि ळ. आपल्या तोंडी पाणी 'पानी' होते, वऱ्हाडात डोळा 'डोया' होतो. लिहिताना 'मन' आणि 'मण' यांच्यात गोंधळ उडाला की वाक्यच फिरते, मन रमते आणि मण हे वजनाचे जुने माप आहे. 'वाण' बियाण्याचे, पण अकोला-बुलढाण्याकडची नदी 'वान'. उच्चार आवडेल तो ठेवा, अशा जोड्या तेवढ्या लिहून पाठ करा.

पाचवी सगळ्यात गमतीची: तोच शब्द, अर्थ वेगळा. आपला 'सांबार' म्हणजे कोथिंबीर, पुस्तकातला सांबार इडलीसोबत येतो. आपली 'बंडी' बैल ओढतात, पुस्तकातली बंडी अंगात घालतात. आपला 'धुरा' शेताची सीमा, ज्याला पुस्तकात बांध म्हणतात, आणि पुस्तकातली 'धुरा' खांद्यावर असते: कारभाराची धुरा सांभाळली. आपले 'कोहळे' बाजारातला तांबडा भोपळा, प्रमाण मराठीतला कोहळा पांढरट सालीचा. भंडारा-गोंदियाकडे शेतात धान असते आणि ताटात भात, पुस्तकात दोन्हीला भात म्हटलेले चालते. धानाची 'रोवणी' पुस्तकात 'लावणी' होते. म्हशीच्या पिल्लाला घरी 'वगार' म्हणत असलो तरी पिल्लूदर्शक शब्दांच्या प्रश्नात 'रेडकू' लिहायचे.

वहीची दोन पाने यासाठी राखून ठेवा. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पेपरातला. उसनी यादी पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या घरात आठवडाभर कान देऊन केलेली यादी जास्त टिकते, कारण मेळघाटच्या पायथ्याचे घर आणि वैनगंगेच्या काठचे घर एकसारखे बोलत नाही.

हिंदीकडून आलेली फसवणूक

नागपूर, गोंदिया, अमरावती या पट्ट्यात हिंदी रोज कानावर पडते. काही शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण अर्थ वेगळे.

घागर ____ झाली. (खाली / रिकामी)

आपण बोलताना 'खाली झाली' म्हणतो. मराठीत 'खाली' म्हणजे तळाकडे, उत्तर 'रिकामी'. तसेच 'शिक्षा' मराठीत गुन्ह्याची होते, शाळेत मिळते ते शिक्षण. 'टीका' मराठीत दोष दाखवणे, बाळाला टोचतात ती लस. 'सही' कागदावर करतात, उत्तर असते ते बरोबर. 'संशोधन' प्रयोगशाळेत होते, कायद्यात होते ती दुरुस्ती. 'चेष्टा' म्हणजे थट्टा, प्रयत्न नव्हे. 'राग' येतो आणि 'राग' आळवतातही. तिथे पुन्हा क्रियापदाकडेच जायचे.

शब्दाची सोबत

इथे मात्र गावातल्या मुलाचा कान शहरातल्यापेक्षा तयार असतो, आणि त्याला ते ठाऊकही नसते.

कापूस वेचतात. कापूस तोडतात असे कोणी म्हणत नाही, जरी क्रिया जवळपास तीच असली तरी. संत्री तोडतात. ज्वारी सोंगतात, भुईमूग उपटतात, चिंच झोडपतात, मोहफुले वेचतात, तेंदूची पाने तोडतात. घरात भाकरी थापतात आणि पोळी लाटतात. पीठ चाळतात, धान्य पाखडतात, दूध विरजतात, ताक घुसळतात. कोणी व्याख्या देऊन हे शिकवलेले नसते. शब्द आपल्या ठरलेल्या सोबत्याबरोबरच येतो, तो सोबती बदलला की कानाला खटकते.

परीक्षेतले जड शब्द याच नियमाने चालतात, त्यांची सोबत आपल्या कानावर कमी पडलेली असते एवढेच. म्हणून नवा शब्द एकटा पाठ करू नका. 'आवाहन = विनंती' असे लिहिण्याऐवजी 'आवाहन करणे' लिहा, आणि त्याखाली 'आव्हान देणे, आव्हान स्वीकारणे, आव्हान पेलणे'. मग हा प्रश्न बघा.

पुराचा धोका असल्याने नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे, असे ____ प्रशासनाने केले. (आव्हान / आवाहन)

शेवटी 'केले' आहे. आव्हान देतात, आवाहन करतात. अर्थाकडे न बघताही उत्तर सुटले.

अशीच सोबत: आक्षेप घेतला, विरोध केला, हरकत घेतली, टीका केली. अपेक्षा बाळगतात, उपेक्षा होते. निर्णय घेतात, निकाल लावतात, निवाडा करतात. बाजार भरतो आणि उठतो, शाळा भरते आणि सुटते, यात्रा भरते पण सुटत नाही. पारा चढतो, तापमान वाढते. आठवड्याला अशा दहा जोड्या पुरेत. त्यांतल्या तीन-चार तरी वर्तमानपत्रातून उचला, कारण पेपर काढणाऱ्यांची भाषा तीच.

वाक्प्रचार आणि म्हणी

इथे समानार्थी शब्द चालत नाही. 'कानाला खडा लावणे' म्हणजे पुन्हा तसे न करण्याचे ठरवणे, तिथे 'दगड' लिहिला की गुण गेला.

सगळ्यात जास्त गोंधळ शरीराच्या अवयवांत होतो. एकट्या कानाचे बघा. कान टोचणे म्हणजे चूक दाखवून खडसावणे. कान भरणे, कान फुंकणे म्हणजे चुगली करून मन कलुषित करणे. कान टवकारणे म्हणजे लक्षपूर्वक ऐकू लागणे. कानाडोळा करणे म्हणजे दुर्लक्ष करणे. कानावर हात ठेवणे म्हणजे आपल्याला काही माहीत नाही असे सांगणे. आता प्रश्न:

अर्धवट रस्ता सोडून गेलेल्या ठेकेदाराचे सरपंचांनी चांगलेच कान ____. (भरले / टोचले / टवकारले / फुंकले)

दोन प्रश्न विचारा: कान कोणाचे, आणि झाले ते चांगले की वाईट? टवकारायला कान स्वतःचेच लागतात, इथे दुसऱ्याचे आहेत, म्हणून तो पर्याय बाद. भरणे आणि फुंकणे दोन्ही चुगलीचे, एकाच अर्थाचे दोन पर्याय असले तर सहसा दोन्ही चूक असतात. उरले टोचले.

म्हणींत जुने शब्द फसवतात. 'बैल गेला आणि झोपा केला' यातला झोपा म्हणजे गोठ्याचे झापाचे दार, झोप नव्हे. बैल चोरीला गेल्यावर दार बसवले, असा अर्थ. तो कळला की 'झोप केली' हा पर्याय आपोआप हास्यास्पद वाटतो. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण पाठ करायचीच गरज नाही, धुऱ्यावरचा पळस बघा, एका देठाला तीनच पाने दिसतील. म्हणीतली वस्तू डोळ्यांसमोर आणता आली तर आकडे आणि लिंग चुकत नाही.

समूहदर्शक शब्दांना थोडेसेच सांगायचे आहे. 'चा' असेल तर कळप, थवा, घड, जुडगा, ढीग यांतला शोधा. 'ची' असेल तर मोळी, जुडी, रास, अढी, उतरंड, गंजी. लाकडांची मोळी, आंब्यांची अढी, मडक्यांची उतरंड, किल्ल्यांचा जुडगा. सोयाबीनची सुडी आपण रोज म्हणतो, पण छापील याद्यांत ती क्वचितच सापडते.

ऱ्हस्व-दीर्घाची रिकामी जागा

दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. सेवाग्रामच्या आश्रमात चरख्यावर सूत काततात. सुत कातला तर अनर्थ होईल. शिर म्हणजे डोके, शीर म्हणजे रक्तवाहिनी. पाणि म्हणजे हात, म्हणून पाणिग्रहण.

याहून अधिक गुण एका नियमाने वाचतात. पीक, मूल, फूल, गरीब, वकील या शब्दांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ आहे. प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होते: पिकाला, मुलाला, फुलाला, गरिबाला, वकिलाला. 'कापसाच्या ____ बोंडअळी पडली' यात 'पिकावर' बरोबर, 'पीकावर' चूक. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात येत नाहीत: शरीर-शरीराला, गीत-गीताला, परीक्षा-परीक्षेला.

जोडणारे शब्द

म्हणून आणि कारण यांचा घोळ कायमचा मिटवता येतो. आधी कारण सांगून झाले असेल आणि पुढे परिणाम येत असेल तर 'म्हणून'. आधी परिणाम आणि पुढे त्याचे मूळ येत असेल तर 'कारण'.

पावसाने दडी मारली, ____ दुबार पेरणी करावी लागली. इथे म्हणून.
दुबार पेरणी करावी लागली, ____ पावसाने दडी मारली. इथे कारण.

आधी 'जरी' असेल तर पुढे 'तरी', आधी 'जर' असेल तर पुढे 'तर'. 'किंवा' आणि 'की' यांत, उत्तर मागणारा प्रश्न असेल तर 'की': चहा घेणार की दूध? साध्या विधानात किंवा.

दोन पर्याय बरोबर वाटले तर

मात्रा बघा, म्हणजे शब्द किती जोराचा आहे ते. 'तासाभरात ____ पाऊस कोसळला आणि नाल्याला पूर आला.' (रिमझिम / तुरळक / मुसळधार / संततधार) रिमझिम आणि तुरळक लगेच जातात. मुसळधार आणि संततधार उरले तर 'तासाभरात' हा शब्द निकाल देतो: संततधार थांबत नाही, तासाभरात संपत नाही. तीन दिवस सूर्य दिसला नाही असे असते तर उलटे झाले असते. वेळेची, कारणाची, प्रमाणाची अशी खूण वाक्यात एक तरी असते.

क्वचित ती नसतेच. प्रश्नच कच्चा काढलेला असतो आणि दोन उत्तरे खरोखर बसतात. अशा वेळी जो शब्द वर्तमानपत्रात त्या जागी जास्त वाचलेला आहे तो निवडा, पुढे जा आणि परीक्षेनंतर उत्तरतालिकेवर आक्षेप घेता येतो का ते बघा. चुकीला गुण कापणारी परीक्षा असेल तर चारांपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाल्याशिवाय अंदाज मारू नका. गुण कापत नसतील तर मात्र एकही जागा मोकळी सोडायची नाही.

सरावासाठी

१. मेळघाटच्या जंगलात बांबूंची ____ आहेत. (बेट / बेटे / मोळी / कळप)
२. ग्रामसभेत घरकुलाच्या यादीवर गावकऱ्यांनी ____ घेतला. (हरकत / टीका / आक्षेप / विरोध)
३. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर ____. (चढते / वाढते / चढतो / उडतो)
४. सासरे गेल्यावर संसाराची ____ थोरल्या सुनेने सांभाळली. (बांध / धुरा / धूर / धुरे)
५. तो दिवसभर माझ्याशी काहीच ____ नाही. (म्हणाला / सांगितले / बोलला / विचारले)
६. ____ पीक जोमदार आले, तरी भाव पडल्याने हाती काही उरले नाही. (जर / जरी / कारण / म्हणून)
७. पहिल्यांदाच निवडणुकीला उभे राहून तिने जुन्या पुढाऱ्याला ____ दिले. (आवाहन / आव्हान / अवधान / अवसान)
८. पोळ्याच्या सकाळी सगळी मुले नदीवर ____. (गेले / गेली / गेल्या / गेला)

उत्तरे: १. बेटे; 'आहेत'मुळे अनेकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचनाला 'ची', 'मोळी' इथेच फसवते. २. आक्षेप, 'घेतला' पुल्लिंगी, हरकत असती तर 'घेतली', आणि विरोध घेत नाहीत, करतात. ३. चढतो, पारा पुल्लिंगी, 'चढते' हा घरचा कान. ४. धुरा, 'संसाराची' आणि 'सांभाळली' दोन्ही स्त्रीलिंगी मागतात, शेताचा धुरा विसरा. ५. बोलला, 'माझ्याशी'मधला 'शी'. ६. जरी, पुढे 'तरी' आहे. ७. आव्हान, 'दिले'. अवसानही नपुंसकलिंगी आहे, पण ते अंगात येते किंवा गळते. ८. गेली, 'मुले' नपुंसकलिंगी अनेकवचन. इथे 'गेले' लिहिले गेले असेल तर वर 'घरचा कान' या भागातली दुसरी जागा पुन्हा वाचा आणि गुरे, झाडे, घरे, फुले घेऊन अशी दहा वाक्ये स्वतः तयार करा.